रँडच्या जागी तुम्ही असतात तर?

(स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला सांगितलं होतं, 'पंधरा-वीस मिनिटं बोल. शाळेनं दिलेलं आणि पुढे उपयोगी पडलेलं काहीतरी सांग.' मला वाटलं, सोपं आहे. गणिताचे सर समोर बसलेत, त्यांच्यामुळे मी इंजिनिअर झाले, असं म्हणावं, नमस्कार करावा आणि खाली बसावं. ते खरंही आहे, सर. पण गेली पाच वर्षं जी गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाहीये, ती इतिहासाच्या तासाची आहे. ती मला उपयोगी पडली असंही म्हणता येणार नाही. वेळेवर आठवली असती तर पडली असती.

सप्टेंबर १९९४ आठवतोय का? आपण दहावीत होतो. गणपती नुकतेच होऊन गेले होते आणि सहामाही तोंडावर आली होती. बीड जिल्ह्यात मामला गावात प्लेगचे रुग्ण सापडल्याचं आधी वाचलं होतं, आणि मग एकदम सुरतेची बातमी आली. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी निम्मा वर्ग तोंडाला रुमाल बांधून आला. कोणाच्या आईनं कापराची वडी दिली होती, कोणाच्या घरी टेट्रासायक्लिनच्या गोळ्यांची पाकिटं येऊन पडली होती. त्या गोळ्या औषधाच्या दुकानांत मिळेनाशा झाल्या होत्या. आखाती देशांनी भारतातली विमानं थांबवल्याचं सर सांगत होते. आपल्याला त्या सगळ्याची थोडी गंमतच वाटत होती.

त्या आठवड्यात इतिहासाच्या बाई वर्गात आल्या आणि त्यांनी पुस्तक मिटून बाजूला ठेवलं. म्हणाल्या, 'आज पुण्याच्या प्लेगबद्दल बोलू.' मागच्या बाकावरून कोणीतरी लगेच ओरडलं, 'गोंद्या आला रे!' सगळा वर्ग हसला. बाईही हसल्या. मग त्यांनी विचारलं, 'प्लेग खोटा होता का रे?' आपण म्हटलं, नाही. 'माणसं मरत होती ना?' हो. 'मग रँडच्या जागी तुम्ही असतात तर काय केलं असतंत?'

वर्ग गप्प झाला. कोणीतरी म्हणालं, 'बाई, आम्ही इंग्रज नाही.' पुन्हा हशा झाला आणि घंटा वाजली. बाई जाताना म्हणाल्या, 'उत्तर सापडलं की सांगा.'

बाई, तुम्हाला हा प्रश्न आठवतही नसेल. माझं उत्तर एकतीस वर्षं उशिरा आलंय. आज तेच सांगणार आहे.

आधी पुण्याचा प्लेग थोडा उजळणीपुरता. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवी भागात प्लेग निघाला आणि १८९७ च्या सुरुवातीला पुण्यात पसरला. ४ फेब्रुवारी १८९७ ला सरकारनं साथरोगांचा कायदा केला. वॉल्टर चार्ल्स रँड या अधिकाऱ्याला पुण्याच्या प्लेग समितीचा प्रमुख नेमलं. मार्चच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत गोऱ्या सैनिकांच्या तुकड्या पेठांमधून घरोघर फिरल्या. आजारी माणसाला उचलून इस्पितळात, घरच्यांना विलग छावणीत, घरातलं सामान बाहेर, कपडे जाळलेले, जमीन खणलेली, भिंतींना चुना. देवघरात बूट गेले, बायकांच्या अंगाला हात लागले. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकरांनी रँडवर आणि आयर्स्टवर गोळ्या झाडल्या. हे सगळं आपल्याला पाठ आहे.

आपण पाठ न केलेल्या गोष्टी बाईंच्या प्रश्नामुळे मी पुढे वाचल्या. एक म्हणजे, टिळकांचा विरोध उपाययोजनेलाच नव्हता. साथ रोखायला काहीतरी करायला हवं हे त्यांना मान्य होतं. ते शहर सोडून गेले नाहीत आणि हिंदूंसाठी वेगळं प्लेगचं इस्पितळ उभं करण्यात पुढे होते. त्यांचं भांडण ते उपाय ज्या रीतीनं राबवले गेले त्या रीतीशी होतं. दुसरी गोष्ट, रँडच्या समितीला त्या वेळच्या ज्ञानानुसार जे योग्य वाटलं तेच तिनं केलं. प्लेगचा जंतू १८९४ मध्ये सापडला होता, पण तो उंदरांवरच्या पिसवांमधून माणसात येतो हे सिमाँ या फ्रेंच डॉक्टरनं १८९८ मध्ये मांडलं आणि ते सर्वमान्य व्हायला आणखी काही वर्षं गेली. म्हणजे सैनिक माणसं शोधत होते आणि पिसवा उंदरांबरोबर शेजारच्या घरात जात होत्या. चूक करणाऱ्याला तेव्हा ती चूक आहे हे कळण्याची सोय नव्हती.

तिसरी गोष्ट माझ्या सर्वांत जास्त लक्षात राहिली. प्लेग समितीच्या अहवालात समाधानानं नोंदवलंय की, बायकांच्या अब्रूला जाणूनबुजून धक्का लागल्याची विश्वासार्ह तक्रार समितीकडे आली नाही. त्याच वर्षी गोपाळ कृष्ण गोखले इंग्लंडमध्ये होते. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे त्यांनी तिथल्या वर्तमानपत्रात अत्याचारांचे आरोप केले. परत आल्यावर पुरावा मागितला गेला, पण साक्षीला उभं राहायला कोणी तयार होईना, आणि गोखल्यांना जाहीर माफी मागावी लागली. अहवालाच्या दृष्टीनं प्रकरण मिटलं.

आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात नवीन मुलं एक चूक हमखास करतात. म्हणतात, 'तक्रार आलेली नाही, म्हणजे सिस्टिम नीट चालली आहे.' आम्ही त्यांना सांगतो, आधी बघ, तक्रार करायची खिडकी कुठे आहे, ती वापरणाऱ्याला सापडते का, आणि तक्रार केली तर त्याचं काही नुकसान होणार नाही याची त्याला खात्री आहे का. हे मी कितीतरी जणांना शिकवलंय. आता मी स्वतः काय केलं ते ऐका.

९ मार्च २०२० ला पुण्यात कोरोनाचे पहिले रुग्ण सापडले. महाराष्ट्रातलेही ते पहिलेच. चार-पाच दिवसांत राज्य सरकारनं कायदा लागू केला, आणि कायदा कोणता, तर तोच, १८९७ चा. मी तो उघडून वाचला. तेव्हा तो जेमतेम दोन पानांचा होता. सरकार 'तात्पुरते' नियम करू शकतं असं त्यात म्हटलंय, पण तात्पुरते म्हणजे किती दिवस ते नाही. खर्च कोणी करायचा हे सरकार ठरवेल, असंही आहे. भरपाईचा शब्दही आहे, पण त्यापुढे 'असल्यास' असं जोडलंय. नियम मोडणाऱ्याला शिक्षा आहे आणि सद्‌हेतूनं नियम राबवणाऱ्याला संरक्षण आहे. नियमामुळे ज्याचं नुकसान होईल त्याच्या वाट्याला तो 'असल्यास' तेवढा आला. एकशे तेवीस वर्षांनी आपण ते पुस्तक कपाटातून काढलं तेव्हा हा भाग तसाच होता.

मी तेव्हा आमच्या सोसायटीची सचिव होते. सिंहगड रस्त्यावरची शंभरएक फ्लॅटची सोसायटी. लॉकडाऊन लागला आणि माझ्यातला इंजिनिअर जागा झाला. मी नियमावली केली, गेटवर नोंदवही ठेवली, भाजीच्या वेळा ठरवल्या, ग्रुपवर रोज तक्ता टाकायला लागले. घरकामाच्या बायका बंद, हा त्यातला पहिला नियम. तेव्हा तो बरोबरच होता. सगळंच बंद होतं, रोग नवा होता, काय होईल ते कोणालाच कळत नव्हतं. त्या पहिल्या आठवड्यांतल्या कडक निर्बंधांना मी आजही चूक म्हणणार नाही. शहरात चाचण्या करणाऱ्या प्रयोगशाळा एका हाताच्या बोटांवर मोजण्यासारख्या होत्या, डॉक्टरांना पीपीई किट मिळत नव्हते. ते जमवायला वेळ हवा होता आणि बंदीनं तो वेळ मिळाला.

माझी चूक पुढे झाली. जूनच्या सुमारास शासनानं घरकामगारांना कामावर जायची मुभा दिली. आमच्या सोसायटीनं दिली नाही. मी दिली नाही. 'आपल्याकडे ज्येष्ठ नागरिक खूप आहेत, आणखी थोडे दिवस थांबू' असं मी ग्रुपवर लिहिलं आणि खाली पन्नास अंगठे आले. ते थोडे दिवस सप्टेंबरच्या शेवटापर्यंत चालले. मध्यंतरी कुरिअरवाले येत होते, नळ दुरुस्त करणारे येत होते. वायफाय दुरुस्त करणारा मुलगा तर लॉकडाऊनच्या पहिल्याच आठवड्यात आला होता, कारण आम्हा सगळ्यांना घरून काम करायचं होतं. त्याच्यासाठी मी गेटवर स्वतः फोन केला होता. बंदी फक्त घरकामाच्या बायकांना राहिली, कारण त्यांच्यावाचून आमचं अडत नव्हतं. भांडी घासायला आम्ही शिकलो होतो आणि त्याचे फोटोही टाकत होतो.

गेटवरच्या नोंदवहीत तक्रारींसाठी एक पान होतं. ते कोरं राहिलं. वर्षाच्या सभेत मी हे अभिमानानं सांगितलं. रँडच्या अहवालातलं ते वाक्य तेव्हा मला आठवायला हवं होतं.

आमच्याकडे दहा वर्षं काम करणाऱ्या मावशी दांडेकर पुलाजवळच्या वस्तीत राहतात. एप्रिल आणि मेचा पगार मी पूर्ण दिला, जूनचा निम्मा दिला, आणि पुढे काय झालं ते मला नीट आठवत नाही, यावरूनच समजून घ्या. २०२२ मध्ये एकदा चहा पिताना त्यांनी सहज सांगितलं. चार घरची कामं होती, चारही बंद झाली. बचत गटाचा हप्ता थकला. गळ्यातले मणी मोडले. मुलगी नववीत होती, घरात एकच मोबाइल, तो नवरा कामावर घेऊन जायचा. ऑनलाइन शाळा तिनं बघितलीच नाही. २०२१ मध्ये दहावीची परीक्षाच झाली नाही, निकाल ९९.९५ टक्के लागला, तीही पास झाली. अकरावीत तिला वर्गात काय चाललंय ते कळेना आणि तिनं कॉलेज सोडलं. मावशी हे कोणाला दोष देऊन सांगत नव्हत्या. उलट मलाच म्हणाल्या, 'ताई, तुम्ही तरी काय करणार? नियमच होता.'

तो नियम मी केला होता हे त्यांना माहीत नव्हतं.

आता दुसरी बाजू सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल की हिला निर्बंधच नको होते. मार्च २०२१ मध्ये आमच्या घरी लग्न होतं. पुण्यात रुग्ण पुन्हा वाढायला लागले होते आणि लग्नाला पन्नास माणसांची मर्यादा आली होती. आम्ही यादी पन्नासची दिली आणि पंगती तीन उठवल्या. मी तिथे होते. मीच म्हणाले, 'एका दिवसानं काय होतंय!' माझे काका पहिल्या पंगतीत बसले होते. आठ दिवसांनी त्यांना ताप आला. एप्रिलची ती अवस्था तुम्हाला आठवत असेल. रात्रभर फोन करून बेड मिळवला, तो मिळेपर्यंत उशीर झाला होता. ताप लग्नातूनच आला असं मी सिद्ध करू शकत नाही. पण त्या तीन पंगतींतल्या अकरा जणांना पुढच्या पंधरा दिवसांत कोरोना झाला.

काकांच्या दहाव्यानंतर एका रात्री मी हे दोन प्रसंग शेजारी शेजारी ठेवून पाहिले. ज्या नियमाची किंमत मावशींनी भरायची होती, तो मी सरकारनं सांगितल्यानंतरही चार महिने जास्त चालवला. ज्याची किंमत मला भरायची होती, म्हणजे घरचं लग्न साधं करायचं, नातेवाईकांचे रुसवे सहन करायचे, तो मी एक दिवससुद्धा पाळला नाही. दोन्ही वेळा मी कारण जिवाच्या सुरक्षेचंच देत होते किंवा टाळत होते. प्रत्यक्षात मी दोन्ही वेळा एवढंच बघितलं होतं की पैसे कोणाच्या खिशातून जातायत.

बाई, हे माझं उत्तर आहे. रँडच्या जागी मी असते तर काय केलं असतं, हा प्रश्न मला कल्पनेत सोडवायची गरज उरली नाही. छोट्या प्रमाणावर मी त्याच्या जागी होते, आणि मी त्याच्यासारखंच वागले.

हे फक्त माझ्या सोसायटीपुरतं असतं तर मी तुमचा वेळ घेतला नसता. २०२० च्या उन्हाळ्यात पेठांचा मोठा भाग बांबू आणि पत्रे लावून बंद केला होता. भवानी पेठ, कासेवाडी, लोहियानगर इथे सर्वांत कडक बंदोबस्त होता. जुलै-ऑगस्टमध्ये पुण्यातल्या पाच प्रभागांत रक्ताच्या चाचण्या करून पाहणी झाली. त्यात शंभरातल्या एक्कावन्न लोकांच्या रक्तात कोरोना होऊन गेल्याच्या खुणा सापडल्या. लोहियानगर-कासेवाडीत हे प्रमाण पासष्ट टक्के होतं. सार्वजनिक संडास वापरणाऱ्यांमध्ये सुमारे बासष्ट, घरात स्वतंत्र संडास असणाऱ्यांमध्ये पंचेचाळीस. ज्या घरात सकाळी उठल्यावर रांगेत उभं राहावंच लागतं त्या घराला 'घरात राहा' सांगून काय साधणार होतं? ज्या वस्त्यांना बंदी सर्वांत जड गेली तिथेच ती सर्वांत कमी उपयोगाची ठरली. त्या बंदीचा फायदा झाला तो आपल्यासारख्यांना, ज्यांना दार लावून घेता येत होतं आणि पगार चालू होता.

शाळांचं तसंच. ५ ऑक्टोबर २०२० ला राज्यात हॉटेलं आणि बार उघडले. पुण्यात पहिलीच्या मुलांचे वर्ग उघडायला डिसेंबर २०२१ उजाडला. जानेवारीत ते पुन्हा बंद झाले आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये परत सुरू झाले. हॉटेलवाल्यांची संघटना होती, ती मंत्र्यांना भेटत होती, आणि त्यांचं दुखणं खरंच होतं. सहा वर्षांच्या मुलांची संघटना नव्हती. रोज संध्याकाळी किती बाधित, किती मृत्यू, किती खाटा रिकाम्या हे आकडे येत होते आणि ते यायलाच हवे होते. पण किती मुलं वाचायला विसरली, किती बायकांनी मणी मोडले, किती म्हातारी माणसं दारात कोणी न येता गेली, याचा आकडा कोणत्याच संध्याकाळी आला नाही. मोजमाप एकाच बाजूचं झालं की निर्णय त्याच बाजूला झुकतो. यात कोणाचा कट असावा लागत नाही.

याच्या उलट टोकाला जाऊन 'लॉकडाऊन सगळा फुकट गेला' म्हणणाऱ्यांशीही माझं पटत नाही. पुण्यात जुलै २०२० मध्ये दहा दिवसांचा कडक लॉकडाऊन झाला, आणि रुग्ण त्यानंतरही सप्टेंबरपर्यंत वाढतच गेले. म्हणून तो निरुपयोगी, असं काही जण म्हणतात. तो झाला नसता तर काय झालं असतं हे तपासायला आपल्याकडे दुसरं पुणे नव्हतं. एप्रिल २०२१ ज्यांनी बेड शोधत काढलाय त्यांना गर्दीची किंमत कोणी शिकवायला नको. माझं म्हणणं एवढंच आहे की, जीव वाचवण्याच्या नावाखाली हिशेब मागणं बंद होता कामा नये.

आणि लोक नियम पाळत नाहीत, हेही मला मान्य नाही. माझी आजी सासवडकडची. तिच्या लहानपणी गावात उंदीर पडायला लागले की सगळं गाव घरांना कुलपं लावून माळावर झोपड्या बांधून राहायचं. ती सांगायची, आठवडेच्या आठवडे चूल उघड्यावर आणि दिवाळीही झोपडीत. लॉकडाऊनपेक्षा ही बंदी मोठी. कोणी शिपाई दंडुका घेऊन उभा नसायचा. कारण निघायचं कधी आणि परतायचं कधी याची खूण सगळ्यांना ठाऊक होती, आणि पाटलापासून बलुतेदारापर्यंत सगळ्यांनाच निघावं लागायचं. २०२० मध्ये वारी पायी निघाली नाही, माउलींच्या पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या. त्याच वर्षी पुण्यात विसर्जनाची मिरवणूक निघाली नाही, मानाच्या गणपतींचं विसर्जन मांडवातच झालं. पुणेकरांसाठी यापेक्षा मोठी किंमत सांगा! पण मंडळांशी आधी बोलणं झालं होतं, नियम सगळ्यांना सारखा होता, आणि लोकांनी तो पाळला.

मग काय करायचं? आमच्या कामात कोणताही बदल चालू सिस्टिमवर टाकायच्या आधी एक कागद भरावा लागतो. हा बदल कशासाठी, काम झालं की नाही हे कशावरून कळणार, कधी तपासणार, आणि मागे कसा घेणार. हे भरल्याशिवाय कोणाला पुढे जाता येत नाही, मग कितीही घाई असो. यात मी माझ्या अनुभवावरून दोन रकाने वाढवले आहेत. याची किंमत कोण भरणार? आणि त्याला कोण, किती, कधी देणार? शेवटच्या रकान्यात 'असल्यास' लिहायचं नाही.

हे नुसतं बोलणं नाही. जानेवारी २०२५ मध्ये आपल्याकडे जीबीएसची साथ आली. सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड गाव, सगळा आमचाच भाग. पाण्याबद्दल संशय होता आणि लोक प्रचंड घाबरले होते. आमच्या सभेत पहिला ठराव आला की गेटसमोरचा पाणीपुरीचा गाडा हटवा. हात वर व्हायला लागले. मी आता सचिव नाही, पण उठून म्हटलं, हटवूया. पण ठरावात तारीख लिहा, पंधरा दिवस. आणि तो रोज कमावतो तेवढे पंधरा दिवसांचे पैसे सोसायटीच्या खात्यातून त्याला द्या. धोका आपल्याला टाळायचाय, तर पैसेही आपणच द्यायचे.

दोन मिनिटं कोणी बोललं नाही. मग खजिनदारांनी विचारलं, 'त्याला नुसतं उकळलेलं पाणी दिलं तर चालणार नाही का?' चाललं. पंधरा दिवस रोज संध्याकाळी आमच्याकडून दोन मोठी पातेली उकळून, गार करून त्याच्याकडे गेली. आम्ही सगळे घरातही पाणी उकळून प्यायलो. गाडा हटवण्याचा ठराव बारगळला. खिशात हात घालायची वेळ आली तेव्हाच आम्हाला स्वस्तातला उपाय सुचला, हे मी कोणाला कमी लेखायला सांगत नाहीये. माणसाचं डोकं असंच चालतं. म्हणून तर तो रकाना आधी भरायला हवा.

आपल्यातले बरेच जण आज कुठे ना कुठे नियम करण्याच्या खुर्चीत आहेत. कोणी महापालिकेत, कोणी कंपनीत, कोणी शाळेत, कोणी सोसायटीच्या कमिटीत. पुढची साथ येईल तेव्हा आपण साठीला टेकलेलो असू किंवा त्याच्याही आधी येईल. तेव्हा घाई असेल, भीती असेल आणि आपला हेतू चांगलाच असेल. त्या दिवशी गेटवरच्या वहीतलं तक्रारींचं पान कोरं दिसलं, तर गेटच्या बाहेर जाऊन एकदा विचारून या, एवढीच माझी विनंती आहे.

मावशींची मुलगी आता बाहेरून बारावीला बसतेय. तिची पुस्तकं आणि क्लास यांचा खर्च मी करते. याला उपकार म्हणू नका, ती थकबाकी आहे, आणि ती पूर्ण फिटणार नाही हे मला माहीत आहे. मागच्या महिन्यात मी मावशींना सांगितलं की तो नियम माझा होता. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, 'तेव्हा कळलं असतं तर बोलले असते तुम्हाला.' आणि त्यांनी भांडी घासायला घेतली.

बाई, प्रश्न विचारून उत्तर न सांगता वर्गाबाहेर गेलात, त्याबद्दल तुमची मी ऋणी आहे.